बासिलियाच्या हातातला रहाट

विहिरीवरचा रहाट तुम्ही पाहिला असेल, मित्रांनो. तो पाण्याची बादली ओढतो. मीही रहाटच, पण वाफेवर चालणारा, आणि मी माणसे ओढली. डोंगरावरच्या वायरापाता गावातल्या कथिलाच्या खाणीच्या तोंडाशी मी एकतीस वर्षे काम केले. माझ्या पोटावर जाड तारेचा दोर गुंडाळलेला असे आणि दोराच्या टोकाला लोखंडी पिंजरा. त्या पिंजऱ्यातून माणसे सकाळी एकशे चाळीस मीटर खाली जात आणि संध्याकाळी वर येत. खाली गेलेला प्रत्येक जण वर आणायचा, एवढेच माझे काम. ते मी चोख केले. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतून मला घडवले, कानसले, हिरवा रंग दिला. मग आगबोट, मग आगगाडी, आणि शेवटच्या चढणीवर माझे भाग सुटे करून खेचरांच्या पाठीवर लादले. दोर गुंडाळायचा माझा ढोल मात्र खेचरांना पेलेना. तो साठ माणसांनी दोर लावून ओढत वर आणला. इथे वर हवा विरळ, झाड औषधालाही नाही. माझ्या बॉयलरात कोळसा कधी पडलाच नाही. डोंगरावर उगवणारी यारेता नावाची चिवट हिरवी वनस्पती आणि लामा नावाच्या इथल्या केसाळ जनावराच्या वाळलेल्या लेंड्या, हेच माझे जळण. पहिल्या दिवशी मी त्या धुराला नाक मुरडले. पुढे त्या वासावाचून मला करमेना.

निकासियो लायमे हा माझा चालक. अबोल माणूस, पण माझ्याशी बोलायचा. खाली कामगार तार ओढत आणि माझ्या खोलीतली घंटा वाजे. एक टोल म्हणजे थांब, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. निकासियो डोळे मिटून टोल मोजायचा आणि मगच दांड्याला हात घालायचा. अशी चौदा वर्षे गेली.

माझ्या खोलीला एक खिडकी होती. खिडकीखाली पटांगण. तिथे बायका उघड्यावर बसून हातोड्याने दगड फोडत आणि त्यातले कथिल वेचून काढत. ऊन असो, गारा असो, त्यांच्या डोक्यावर टोपीखेरीज दुसरे काही नसे. अगदी खिडकीखाली बसायची ती बासिलिया कोल्के. वय सत्तावीस. नवरा खाणीत दरड कोसळून गेलेला, घरी एक मुलगी. बाप्तिस्म्याच्या वेळी त्या मुलीला निकासियोने हातांवर घेतले होते, तेव्हापासून त्या मानलेल्या नात्याने तो तिला कोमाद्रे आणि ती त्याला कोम्पाद्रे म्हणे.

बाईने खाणीत पाऊल टाकले तर कथिलाची शीर रुसते आणि दगडात लपते, असे इथे सगळे मानत. रहाटाच्या खोलीतही बाईला मज्जाव होता. बासिलिया नऊ वर्षे माझी घंटा ऐकत होती, पण माझ्या उंबऱ्याला तिचा पाय कधी लागला नव्हता.

मग दक्षिणेकडे चाकोच्या रानात शेजारच्या देशाशी लढाई जुंपली. ट्रक यायचे आणि भरून जायचे. आधी जवान पोरे गेली, मग बापे. माझ्या पिंजऱ्यात एका खेपेला पंधरा जण मावत. तिथे अकरा दिसू लागले, मग सहा. दुसऱ्या वर्षी निकासियोलाही बोलावणे आले. जाताना त्याने माझा दांडा आपल्या टोपीने पुसला आणि खिडकीतून खाली वाकला.

"कोमाद्रे, याच्या डाव्या ब्रेककडे लक्ष असू दे. थंडीत तो उशिरा पकडतो."

"मला काय सांगता? मी दगड फोडते, कोम्पाद्रे."

"दगड फोडतेस, कान तर फोडले नाहीस ना?" तो म्हणाला आणि ट्रकवर चढला.

त्याच्या जागी आले डॉन ओनोफ्रे. वय एकाहत्तर. तरुणपणी त्यांनी दुसऱ्या खाणीत रहाट चालवला होता. हात कसलेले होते, कान मात्र पार गेलेले. पहिल्याच दिवशी खिडकीखालून हाका सुरू झाल्या.

"डॉन ओनोफ्रे, दोन टोल पडले! दोन! वर ओढा!"

"ओरडू नकोस पोरी, मला ऐकू आलंय."

"मग पिंजरा खाली का सोडताय?"

"तुझं लक्ष आहे का ते बघत होतो."

महिनाभर आमचे असेच चालले. कान तिचे, हात त्यांचे. एका सकाळी पटांगणात इतके दव गोठले होते की हातोड्याचा दांडा तळव्याला चिकटायचा. तेव्हा डॉन ओनोफ्रे वैतागून म्हणाले, "तिथून बोंबलतेस, त्यापेक्षा आत येऊन हळू बोल. मीही माणूस आहे." ती आत आली. आठवडाभराने ते बाकावर टेकले, गालात कोकाची पाने धरली आणि म्हणाले, "आता तूच धर. मी चुकलो तर तू सांगतेस, तू चुकलीस तर मी सांगेन. मला जास्त आराम पडेल."

तिने माझ्या ब्रेकवर हात ठेवला. मित्रांनो, नऊ वर्षे हातोडा चालवलेला तो तळवा होता. निकासियोच्या हातापेक्षा लहान, पण तितकाच निबर. किती जोर लावायचा आणि कुठे थांबायचे, हे त्या हाताला दगडांनी शिकवले होते. डावा ब्रेक ती अर्धा श्वास आधी लावायची. पिंजरा टेकायचा तेव्हा आतल्या माणसाच्या डब्यातले पाणीही हिंदकळत नसे.

ही गोष्ट फार दिवस लपणार नव्हती. मुकादम सेनोनने एकदा डोकावून पाहिले आणि धावत जाऊन इंजिनियर उर्किदींना घेऊन आला.

"साहेब, बाई रहाटावर! आता कथिल आटणार बघा!"

"कथिल नाही आटलं सेनोन, माणसं आटलीत," इंजिनियर म्हणाले. मग बासिलियाकडे वळून, "किती दिवस चालवते आहेस?"

"सात आठवडे, साहेब."

"सात आठवडे? आणि मला पत्ताही नाही?"

"काही बिघडलं असतं तर लागला असता."

इंजिनियरांनी ओठ आवळले. हसू दाबत होते की राग, ते मला कळले नाही. "ठीक आहे," ते म्हणाले, "लढाई संपेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी अकरा कामगारांनी पिंजऱ्यात पाय ठेवायला नकार दिला. बाईच्या हातच्या दोराला लटकण्यापेक्षा आम्ही शिड्यांनी उतरू, असे म्हणाले आणि खरेच उतरले. एकशे चाळीस मीटर खाली आणि संध्याकाळी तितकेच वर. दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी सगळे पिंजऱ्यापाशी येऊन पायांकडे बघत उभे राहिले.

"काय हो, शिड्या मोडल्या का?" बासिलियाने विचारले.

"गुडघे मोडले, दोन्या बासिलिया," त्यांतला एक तिला मानाचे 'दोन्या' लावून म्हणाला. त्यानंतर त्या शिड्यांचे नाव कुणी काढले नाही.

हळूहळू खालीही माणसे पुरेनात. तेव्हा पटांगणातल्या बारा बायकांना गाडे भरायला खाली पाठवले. त्यांची म्होरकी फाकुंदा चोके, अंगाने दणकट आणि जिभेने त्याहून. खालच्या बोगद्यात शिंगे असलेला मातीचा तिओ बसलेला असतो. तो खाणीचा धनी. पुरुष त्याला विडी आणि कोका देतात. बाई दिसली तर तिओ कोपेल, असे सगळे बजावत होते.

"इतकी वर्षं नुसत्या मिशा बघून त्याचंच डोकं फिरलं असेल," फाकुंदा म्हणाली. तिने त्याच्यापुढे मूठभर कोका ठेवला, पदर खोचावा तसा घागरा खोचला आणि फावडे उचलले. शीर काही रुसली नाही. गाडे पूर्वीसारखेच शिगोशीग भरून वर येत राहिले. मीच ओढत होतो, मला वजन कळते.

आता त्या जूनच्या दिवसाची गोष्ट सांगतो. इथे पृथ्वीच्या दक्षिणेकडे जून म्हणजे भर हिवाळा. दुपारी खालच्या बोगद्यात पाणी अडवणारी भिंत फुटली. घंटेचा एक टोल पडला आणि लगेच तिची तार तुटून लोंबकळू लागली. नंतर काहीच नाही. मुकादम सेनोन धापा टाकत आत आला.

"ओढ! वर ओढ लवकर!"

"एक टोल म्हणजे थांब," बासिलिया म्हणाली. ब्रेक तिने दाबून धरला होता.

"तार तुटलीये, दिसत नाही का? माझा भाऊ आहे खाली!"

"म्हणूनच थांबलेय. कुणी अर्धं आत आणि अर्धं बाहेर असेल तर?"

सेनोनने दांड्याकडे हात नेला. तिने नुसते त्याच्याकडे पाहिले. तो हात खाली आला. मग तिने डॉन ओनोफ्रेंना ब्रेकवर बसवले, माझ्या दोरापाशी गेली आणि त्यावर उघडा तळवा ठेवला. मी वाफ दाबून धरली होती. एवढ्या वर्षांत माझ्या लोखंडाला इतके जड काही वाटले नव्हते, जेवढी ती तीन-चार मिनिटे वाटली.

आणि दोरातून ठोके आले. ठक, ठाक. मग पुन्हा ठक, ठाक.

"दोन!" ती ओरडली. "ही फाकुंदा आहे. दगड फोडतानाही तिचा दुसरा घाव जड पडतो. चला, वर!"

पहिल्या खेपेला नऊ जण आले, कमरेपर्यंत भिजलेले. दुसऱ्या खेपेला मागून पिंजऱ्यापर्यंत पोचलेले उरलेले आठ. सेनोनचा भाऊ फाकुंदाच्या खांद्यावर होता, पाय मोडलेला, पण जिवंत. तिच्या दुसऱ्या हातात हातोडा तसाच होता. दोरावर ठोकून ठोकून त्याचा दांडा चिरला होता. सेनोन तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्या दिवशी खाली एकही माणूस राहिले नाही.

लढाई पुढच्या वर्षी थांबली. गेलेले सगळे परत आले नाहीत, पण जे आले त्यांना काम हवे होते, आणि ते त्यांच्या हक्काचे होते. एका शनिवारी फाटकावर हुकूम लागला. सोमवारपासून बायकांनी खाणीत उतरायचे नाही, यंत्रांना हात लावायचा नाही. परत पटांगण, परत हातोडा.

"लढाई संपली आणि आपणही संपलो," फाकुंदा म्हणाली.

निकासियो परतला तो अर्धा होऊन. चाकोत त्याने तहान सोसली होती, ताप सोसला होता. बासिलियाने माझा दांडा पुसून त्याच्या हाती दिला, बाहेर गेली आणि खिडकीखाली आपल्या जुन्या दगडावर बसली. मला दोघांचाही राग आला नाही. पण मी दोन दिवस नीट वाफ धरली नाही, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी निकासियोला हुडहुडी भरली. रात्रपाळीच्या अकरा जणांना वर आणत असताना त्याचे हात थरथरू लागले आणि पिंजरा थांबायच्या जागेवरून हातभर वर गेला. आणखी थोडा गेला असता तर दोर ज्यावरून फिरतो त्या वरच्या चाकावर आदळला असता. त्याने दोन्ही हातांनी, सगळे अंग टाकून मला रोखले. अकराही जण सुखरूप उतरले. त्यांतल्या काहींना तर काय टळले ते कळलेही नाही. निकासियोला कळले. खाली कुणी उरले नाही याची त्याने खात्री केली, माझी वाफ बंद केली आणि तो पटांगणात गेला.

"कोमाद्रे, ऊठ. आत चल."

"का?"

त्याने दोन्ही हात पुढे केले. ते अजून थरथरत होते. "हे बघ. ताप अंगातून गेलेला नाही. आत्ता अकरा जण होते पिंजऱ्यात."

"आणि तुमच्या घरच्यांनी खायचं काय?"

"गोठवून वाळवलेला चुन्यो उकडून खाऊ, बटाट्याला काही मरण नाही. पण अकरा घरांत जाऊन मी काय सांगितलं असतं?"

बासिलियाने हातोडा खाली ठेवला. ती उठली. तिला यायचे होते, मित्रांनो. तिची पावले मला पाठ होती आणि ती माझ्याकडे वळलेली होती. पण दोन पावलांवर ती थांबली. शेजारी फाकुंदा मान खाली घालून दगड फोडत होती. ठक, ठाक. बासिलिया परत मागे आली आणि खाली बसली.

"मी एकटी येणार नाही, कोम्पाद्रे."

"जा गं," फाकुंदा मान वर न करता म्हणाली. "मला तुझी दया नको."

"दया कसली? मी वर ओढत होते, तू खाली भरत होतीस. दोघींनी तेवढीच वर्षं काढली. आता मी लायक आणि तू नालायक, हे कुणी ठरवलं?"

फाकुंदाचा हातोडा थांबला. मग तिच्या पलीकडचा थांबला, मग त्याच्या पलीकडचा. वायरापाताच्या पटांगणात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मुकादम आला, समजावून गेला. इंजिनियरांनी दुसरा चालक शोधायला माणूस पिटाळला, पण जवळपास कुणी मिळेना. कामगारही पिंजऱ्यापाशी हाताची घडी घालून उभे राहिले. दीड दिवस मी थंड पडून होतो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात अभिमानाचा काळ कोणता, असे विचाराल तर मी तोच दीड दिवस सांगेन, आणि त्यात मी रिकामा पिंजरासुद्धा ओढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिनियर उर्किदी स्वतः पटांगणात आले.

"बासिलिया, हे अडवणुकीचं काम झालं."

"मी कुठे अडवलंय, साहेब? यंत्राला हात लावायचा नाही, असा तुमचाच हुकूम आहे. मी तो पाळतेय."

बायकांत हशा उसळला. इंजिनियर लाल झाले. तेव्हा मुकादम सेनोन पुढे आला. पहिल्या दिवशी चुगली करणारा तो हाच. टोपी हातात घेऊन म्हणाला, "साहेब, त्या दिवशी हिनं माझं ऐकलं असतं, तर माझा भाऊ अर्धाच वर आला असता. मला आणखी काही बोलायचं नाही."

त्यानंतर बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरले ते असे. बासिलिया रहाटावर, आणि या वेळी 'अमुक होईपर्यंत' असे काही नाही. निकासियो बॉयलरवर, आणि अंगात ताप नसेल त्या दिवशी पाळीने माझ्यापाशी. पाच बायका पाण्याच्या पंपावर आणि दिव्यांच्या खोलीत. बाकीच्यांसाठी पटांगणावर पत्र्याचे छप्पर. पण खाली उतरायची बंदी उठली नाही. तो हुकूम वरून, शहरातून आला होता.

फाकुंदाला पंप मिळाला. तिने तो उत्तम चालवला. तरी रोज सकाळी पिंजरा खाली जाताना ती पंपाच्या दारात येऊन उभी राहायची आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघायची. "अर्धी भाकरी दिली आणि म्हणे पोट भरलं," ती म्हणायची. तिचे म्हणणे खोटे होते, असे मी कधीच म्हणणार नाही.

बासिलियाने मला आणखी पंधरा वर्षे चालवले. तिने दोन पोरी आणि एक पोरगा माझ्यावर तयार केले. मग विजेचे यंत्र आले. माझा दोर काढला, बॉयलर भंगारात गेला आणि मी खाणीमागे पडून राहिलो. गंजलो. वाऱ्याने माझ्या दात्यांत वाळू भरली. माझ्याकडे कुणी वळून पाहत नव्हते, आणि पोरे नेम धरून मला दगड मारत. ती वर्षे मी मोजली नाहीत.

खूप काळाने गावाला माझी आठवण झाली. मला घासले, पुन्हा हिरवा रंग दिला आणि शाळेसमोरच्या चौकात चौथऱ्यावर बसवले. एक रंगारी माझ्यापुढच्या पाटीवर अक्षरे काढत होता. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आली. दोन वेण्या पांढऱ्याशुभ्र. मी तिला पावलांवरूनच ओळखले.

"काय लिहितोयस रे, बाळा?"

"रहाट कुठून आणला, किती वजनाचा, आणि चालक निकासियो लायमे, आजी."

"बरोबर. चांगला माणूस होता. पुढे?"

"पुढे काय?"

"लिही. बासिलिया कोल्के. मग ओनोफ्रे. मग फाकुंदा चोके. ती खाली गाडे भरायची. मग रेमेदियोस, साबिना, मग दिव्यांच्या खोलीतली ती, बेनितोची बायको, तिचं नाव हिलारिया…"

"आजी, आजी, थांबा! पाटीवर एवढी जागा नाही."

बासिलियाने माझ्या ब्रेकच्या दांड्याला धरून चौथऱ्यावर बैठक मारली. तळवा अजून तसाच निबर होता.

"जागा नाही म्हणतोस? मग पाटी मोठी कर," ती म्हणाली. "मी बसलेय इथे."

रंगाऱ्याला नवी फळी आणावी लागली. संध्याकाळपर्यंत ती एकेक नाव सांगत होती आणि तो लिहीत होता. तिला वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक नाव तिने त्याच्याकडून दोनदा वाचून घेतले.

आता ती पाटी माझ्या चौथऱ्यापेक्षा रुंद आहे, मित्रांनो. इथले ऊन कडक असते आणि गारा वर्षातून चार वेळा पडतात, म्हणून अक्षरे लवकर उडतात. मला तेल नाही दिले तरी चालेल. लोखंडाला गंजायची सवय असते. पण शाळेतून घरी जाताना कधी हाती रंगाचा डबा असला, तर त्या नावांवरून एकदा कुंचला फिरवत जा. हिलारियाच्या नावापाशी जरा जास्त लावा, तिथे गारा तिरप्या लागतात.